प्रस्तावना : सरकारचे सावकार

बुधवार हा ट्रेझरी बिलांचा वार, मंगळवार राज्यांच्या रोख्यांचा आणि शुक्रवार केंद्राच्या लांब मुदतीच्या रोख्यांचा. नोकरीची बहुतेक वर्षं मी एका बँकेच्या ट्रेझरी विभागात काढली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी लिलावांचे वार डोक्यातून जात नाहीत. घरातले बाकीचे लोक उपासावरून वार ओळखतात, मी लिलावावरून.

अशाच एका बुधवारनंतर सांगलीहून मावसबहिणीचा फोन आला. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, हिशेबाला चोख. तिने रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’वर खातं उघडून ९१ दिवसांचं दहा हजारांचं ट्रेझरी बिल मागितलं होतं. “दादा, बिल दहा हजारांचं मिळालंय, पण हिशेब ९,८६४ रुपये ७० पैशांचाच झालाय. उरलेले कधी कापणार?” मी म्हटलं, “कापायचे नाहीतच. तेच तुझं व्याज. अगं, ही मुदती हुंडी आहे, सरकारने लिहून दिलेली.” हळदीच्या पेठेत वाढलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही. हुंडी वटवताना वटणावळ आधीच वळती होते आणि मुदत भरली की पुरी रक्कम हातात येते, हे तिने आजोबांच्या गादीवर लहानपणी पाहिलेलं होतं. “मग असं सांगा की सरळ,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सांगायचं ते हेच. हा व्यवहार अवघड नाही, त्याची बोली अवघड आहे, आणि ती बोली पिढ्यान्‌पिढ्या बँकांच्या डीलिंग रूममध्ये कोंडून राहिली. आम्ही डीलर मंडळीही त्याला जबाबदार आहोत. भाव पैशांत बोलायचा, रोख्याचं नाव अर्धंच घ्यायचं, बाहेरच्याला काही कळणार नाही याची थोडी ऐटही मिरवायची. या पुस्तकाच्या लेखिकेने काही वर्षं त्याच खोलीत काढली आहेत, पण ऐट तिच्यात आली नाही. म्हणूनच हे पुस्तक तिला लिहिता आलं.

नवख्या वाचकासाठी आधी या प्रांताचा नकाशा थोडक्यात मांडतो. केंद्र सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांसाठी पैसे उचलतं ती ट्रेझरी बिलं. त्यांना व्याज नसतं. कमी किमतीला घ्यायची, मुदतीला दर्शनी किंमत घ्यायची. वर्षाहून लांब मुदतीचे ते ‘डेटेड’ रोखे, म्हणजे बाजाराच्या भाषेत जी-सेक. त्यांचं व्याज सहा महिन्यांनी येतं, आणि मुदत आता ५० वर्षांपर्यंत गेली आहे. राज्य सरकारांचेही असेच रोखे असतात. महाराष्ट्र या बाजारातला मोठा कर्जदार आहे, आणि राज्यांना केंद्रापेक्षा थोडा जास्त दर मोजावा लागतो. या सगळ्यांत दहा हजार रुपयांपासून शिरकाव होतो. याखेरीज ज्यांना लोक ‘आरबीआय बॉन्ड’ म्हणतात ते बचत रोखे आहेत. त्यांची मुदत सात वर्षं, दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राहून ०.३५ टक्का जास्त, आणि ते बाजारात विकता येत नाहीत. नाव रिझर्व्ह बँकेचं पडलं असलं तरी कर्जदार भारत सरकारच आहे. सोन्याच्या भावाशी जोडलेले सुवर्ण रोखे २०१५ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी विक्री झाली नाही, पण जुने बाजारात फिरतात.

आता एक नाव जवळून पाहू. ‘६.३३% जीएस २०३५’. जीएस म्हणजे सरकारी रोखा, २०३५ हे परतफेडीचं वर्ष. ६.३३ हा दर्शनी किमतीवरचा दर. त्याला कूपन म्हणतात आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. हलतो तो भाव. शंभराचा हा रोखा तुम्हाला ९८ ला मिळाला तर तुमच्या पैशावर ६.३३ हून जास्त सुटतात, १०२ ला मिळाला तर कमी. प्रत्यक्ष सुटणाऱ्या या दराला यील्ड म्हणतात. मराठीत त्याला ‘उतारा’ म्हणावं असं माझं जुनं मत आहे. टनभर उसातून किती साखर निघाली तो साखर उतारा. रोख्यात घातलेल्या पैशातून वर्षाकाठी काय निघालं तोही उताराच. लेखिकेने हे ऐकून घेतलं आणि यील्डच ठेवलं. लोक सातबारा मागायला लागतील, म्हणाली.

नवखा माणूस अडखळतो अशी आणखी एक जागा आहे. बाजारातून जुना रोखा घेताना पडद्यावर भाव ९८ दिसतो आणि खात्यातून थोडे जास्त जातात. काही जण याला छुपी दलाली समजतात. मागच्या व्याजाच्या तारखेपासून आजपर्यंत रोखा विकणाऱ्याकडे होता, म्हणून तेवढ्या दिवसांचं व्याज त्याचं. ते तुम्ही त्याला आज देता आणि पुढच्या तारखेला सरकार तुम्हाला पूर्ण सहामाहीचं देतं. गाय विकताना खुंटीवरच्या कडब्याचाही हिशेब होतो, तसंच हे.

राज्याने कर्ज काढणं आपल्याकडे नवं नाही. पहिल्या बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली कर्जाच्या काचाची पत्रं इतिहासाची आवड असणाऱ्यांना ठाऊक आहेत. पण ते कर्ज माणसाने माणसाला दिलेलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने कर्जाचा कागद केला, तो एकाकडून दुसऱ्याकडे विकता येऊ लागला, आणि सावकाराची जागा बाजाराने घेतली. कंपनी गेली तरी कागद राहिले आणि इंग्रज सरकारच्या नावे चालू लागले. साडेतीन टक्क्यांची प्रॉमिसरी नोट ही त्या काळच्या सुखवस्तू घरांची आणि संस्थांची ठेव होती. नोटेच्या पाठीवर व्याज दिल्याच्या नोंदीसाठी चौकटी असत. त्या भरल्या की नोट बदलून घ्यायची. विश्वस्तांनी निधी कशात गुंतवावा हे १८८२ च्या कायद्याने ठरवलं तेव्हा यादीत पहिला मान सरकारी कागदांना मिळाला.

या कागदांतल्या पुष्कळांवर परतफेडीची तारीख नव्हती. सरकारला वाटेल तेव्हा फेडायचं. पुढे पहिलं महायुद्ध आलं, सरकारने १९१७ मध्ये जास्त दराने युद्धकर्ज काढलं आणि जुन्या साडेतीनवाल्या कागदाचा भाव उतरला. (भारतातली पहिली ट्रेझरी बिलंही त्याच वर्षीची, त्याच खर्चापायी.) सरकार बुडालं नव्हतं, व्याजही वेळेवर येत होतं, पण ज्याला पैसे लगेच हवे होते त्याला तोटा खाऊन कागद विकावा लागला. तारीख नसलेल्या कर्जात सावकाराच्या हातात काय राहतं ते या प्रकरणात दिसतं. या पुस्तकाचा गाभाही तारखेशीच जोडलेला आहे, त्याकडे मी येतोच.

स्वातंत्र्यानंतरची चाळीसेक वर्षं सामान्य माणसाच्या दृष्टीने हा बाजार नव्हताच. दर सरकार ठरवी आणि बँकांना, विमा महामंडळाला, भविष्यनिर्वाह निधींना रोखे घ्यावेच लागत. ९१ दिवसांच्या बिलाचा दर जुलै १९७४ मध्ये ४.६ टक्क्यांवर बसवला, आणि त्या वर्षी महागाई वीस टक्क्यांच्या वर होती. पुढची कित्येक वर्षं तो दर तसाच राहिला. १९९० पर्यंत तर अशी वेळ आली की बँकेत आलेल्या ठेवींच्या शंभर रुपयांतले साडेअडतीस रुपये कायद्यानेच अशा रोख्यांत अडकवावे लागत. आज हे प्रमाण १८ आहे. म्हणजे तुमच्याआमच्या वडिलांनी मुदत ठेवीची पावती कपाटात ठेवली तेव्हा तेही सरकारचे सावकारच होते. फक्त त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं आणि दरही विचारला नव्हता.

मग १९९२ आलं. हर्षद मेहता म्हटलं की लोकांना शेअर बाजार आठवतो. शेअरमध्ये गेलेला पैसा मात्र आमच्या बाजारातून उचललेला होता. सरकारी रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयात हाताने लिहिलेल्या वह्यांत होई, तिला वेळ लागे. त्यामुळे बँका आपसांत रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची चिठ्ठी देत: रोखा माझ्याकडे आहे, सवडीने देतो. चिठ्ठीमागे रोखाच नसेल तर? तेच झालं. सुचेता दलाल यांच्या बातमीने एप्रिल १९९२ मध्ये ते चव्हाट्यावर आलं आणि जानकीरामन समितीने पुढे त्याचा पट मांडला. त्या महिन्यांत माझ्या ओळखीचे दोन चांगले डीलर बदलीच्या गावाला गेले आणि पुन्हा कधी डीलिंग रूममध्ये दिसले नाहीत. चूक त्यांची होती की वरच्यांची, यावर आम्ही अजून एकमत केलेलं नाही.

त्या धक्क्याच्या आसपास आणि नंतरच्या पंधरा वर्षांत सगळं घडलं. १९९२ मध्ये रोख्यांचे लिलाव सुरू झाले, म्हणजे दर बोलीतून ठरू लागला. पैसे आणि रोखा एकाच वेळी हातातून हातात जाईल अशी व्यवस्था झाली. सरकार रिझर्व्ह बँकेकडून हवी तेव्हा बिलं काढून पैसे उचलत असे, ती ‘अ‍ॅड हॉक’ची सोय १९९७ मध्ये बंद झाली. २००२ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन सौदे निभावू लागली, २००५ मध्ये पडद्यावरचा सौदा आला, आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारकडून थेट रोखे घेणं थांबवलं. आमच्या खोलीतला आरडाओरडा बंद होऊन तिथे फक्त की-बोर्डचा आवाज उरला. खोली चांगली झाली, कंटाळवाणीही झाली.

किरकोळ गुंतवणूकदारासाठी दारं मात्र फटीफटीने उघडली. २००२ च्या सुमारास ‘बिगर-स्पर्धात्मक’ बोली आली. तुम्ही फक्त रक्कम सांगायची, दर मोठ्या खेळाडूंनी ठरवायचा आणि तुम्हाला त्याची भारित सरासरी मिळायची. लिलावाचा छोटा वाटा त्यासाठी राखलेला. कल्पना फार चांगली, पण बँकेच्या शाखेत जाऊन हे मागितलं तर काउंटरवरचा माणूस साहेबाकडे पाही आणि साहेब मुदत ठेवीचा अर्ज पुढे करी. पुढच्या वर्षी शेअर बाजारात हे रोखे आले, तिथेही ते कोपऱ्यात पडून राहिले. खरा फरक १२ नोव्हेंबर २०२१ ला पडला. रिटेल डायरेक्ट सुरू झालं. पॅन, केवायसी, बँक खातं, मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर थेट रिझर्व्ह बँकेत विनाशुल्क रोखे खातं. मोबाइल अ‍ॅप मे २०२४ मध्ये आलं. परकीय चलन कायद्याच्या चौकटीत अनिवासी भारतीयांनाही ते उघडता येतं, त्यामुळे दुबई-सिंगापूरच्या मराठी मंडळींचे प्रश्न लेखिकेकडे सर्वांत जास्त येतात.

दार उघडलं की धोकाही आत येतो, आणि तो कोणता हे नीट सांगितलं जात नाही. २०१३ सालचं उदाहरण घ्या. त्या मे महिन्यात सरकारने दहा वर्षांचा ‘७.१६% जीएस २०२३’ रोखा काढला. भाव शंभराच्या आसपास. लगेचच अमेरिकेतून वारं फिरलं, रुपया घसरू लागला, जुलैत रिझर्व्ह बँकेने पैसा आवळला आणि ऑगस्टमध्ये दहा वर्षांचं यील्ड नऊ टक्क्यांच्या वर गेलं. त्या दराला शंभराच्या त्या रोख्याचा भाव ८७-८८ येतो. तीन महिन्यांपूर्वी ज्याने ‘एकदम सुरक्षित’ म्हणून घेतला त्याचे शंभरातले बारा-तेरा रुपये कागदावर गेले. नोव्हेंबरात सरकारने त्याच २०२३ सालचा नवा रोखा ८.८३ टक्क्यांनी काढला, तेव्हा जखमेवर मीठ. बँकेत आम्ही त्या तिमाहीत तोंड लपवून फिरत होतो.

आणि २० मे २०२३ ला काय झालं? ज्याने तो रोखा तसाच ठेवला त्याला वीस वेळा ठरलेलं व्याज आणि पूर्ण शंभर मिळाले. एकच रोखा, दोन माणसं. एक ऑगस्टमध्ये विकून बारा टक्क्यांनी बुडाला, दुसऱ्याला पैशाचाही फटका बसला नाही. सरकार दोघांशी सारखंच वागलं. पैसे कधी लागणार हे दुसऱ्याला ठाऊक होतं, पहिल्याला नव्हतं. म्हणून नवा माणूस विचारतो त्या ‘किती टक्के?’ या प्रश्नाआधी ‘कधी लागणार?’ हा प्रश्न लेखिका ठेवते आणि शेवटच्या पानापर्यंत त्याला सोडत नाही. माझ्या मते हे पुस्तकाचं मोठं बळ आहे.

या प्रांतात पंथही आहेत. सर्वांत मोठा पंथ मुदतीपर्यंत धरून ठेवणाऱ्यांचा. त्यांतले जाणते ‘शिडी’ लावतात: दरवर्षी एक पायरी मोकळी व्हावी अशा वेगवेगळ्या सालांचे रोखे घेऊन ठेवायचे. दुसरा पंथ दरावर डाव लावणाऱ्यांचा. व्याजदर उतरणार असं वाटलं की लांबचा रोखा घ्यायचा, भाव चढला की विकायचा. हा पंथ वाईट नाही, पण तो आमचा धंदा होता आणि आमच्याकडे त्यासाठी पगारी माणसं, दहा पडदे आणि तोटा सोसायला बँकेचं भांडवल होतं. तिसरे म्हणतात, स्वतः कशाला, गिल्ट फंड, म्हणजे सरकारी रोख्यांचा म्युच्युअल फंड, घ्या. सोय खरीच, पण बहुतेक गिल्ट फंडांना मुदतीची तारीख नसते, म्हणजे वरच्या उदाहरणातला दुसरा माणूस होण्याची संधीच मिळत नाही. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडांची करसवलतही गेली आहे. चौथा पंथ बचत रोखे आणि पोस्टाचा: भाव रोज दिसतच नाही, मग झोप उडायचं कारण काय? मी या चौथ्यांना हसत असे. आता हसत नाही. भाव न दिसणं ही काही माणसांना औषधासारखी लागू पडणारी गोष्ट आहे.

कराच्या बाबतीत मात्र सगळे पंथ सारखेच चुकतात. बाजारातल्या सरकारी रोख्यांच्या व्याजातून कर कापून घेतला जात नाही. त्यावरून हे व्याज करमुक्त आहे असा समज गावोगाव पसरला आहे. ते उत्पन्नात धरलं जातं आणि तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने आधी हा आकडा मांडावा आणि मग बचत रोखा, ठेव आणि जी-सेक यांची तुलना करावी.

हे सगळं आत्ताच का? एक कारण आपल्या राज्यातलंच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि मुंबईत शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, पण सहकारी बँका आणि पतसंस्थांवर श्रद्धा ठेवून वाढलेल्या आपल्या मध्यमवर्गाला त्या वर्षी एक गोष्ट कळली. ठेव ही बँकेला दिलेलं कर्ज असतं आणि कर्जदाराची पत पाहावी लागते. पतसंस्थेतल्या पैशाला तर तो विमाही नाही. दुसरं कारण सरकारच्या गरजेचं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बाजारातून १४.८२ लाख कोटी रुपये उचलायचं ठरलं होतं आणि खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजात जाणार होते. हे व्याज कोणाला तरी मिळतच असतं. त्यातलं थोडं थेट घरी यावं हा विचार गैर नाही. तिसरं कारण मला सर्वांत काळजीचं वाटतं. ‘बॉन्ड’ हा शब्द हल्ली फार ताणला जातो. अकरा-बारा टक्के देणाऱ्या खासगी कंपन्यांचे रोखे सरकारी रोख्यांच्या शेजारी, त्याच रंगाच्या बटणाखाली विकले जातात. ते वाईटच असतात असं नाही, पण दोन्ही एकाच जातीचे आहेत असं समजून घेणारा माणूस एक दिवस रडतो.

थेट खात्याचं कौतुक लेखिका आंधळेपणाने करत नाही, हेही सांगायला हवं. छोट्या रकमेचा रोखा मुदतीआधी विकायला गेलात तर मोठ्या लॉटचा भाव मिळेलच असं नाही, कधी गिऱ्हाईकच नसतं. वारस नोंद करून ठेवली नाही तर मागे राहिलेल्यांची धावपळ होते. आणि महागाई आहेच. तिच्यापासून रक्षण करणारे रोखे १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये काढून पाहिले गेले, पण रुजले नाहीत. पुस्तकात श्रीमंत होण्याचा मार्ग नाही, दरांचं भाकीतही नाही. घरखर्चाच्या वहीतून मुदत कशी ठरवावी, त्या मुदतीचा रोखा कसा शोधावा आणि घेतल्यावर भावाकडे न पाहता कसं राहावं, एवढाच त्याचा आवाका आहे. तो पुरेसा आहे.

एका ठिकाणी आमचं जमलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पहिल्यांदाच ५० वर्षांचा रोखा काढला, ‘७.४६% जीएस २०७३’. विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतन निधींसाठी तो योग्य, घरगुती माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं मी मसुद्यावर लाल शाईने लिहिलं होतं. लेखिकेने ते वाक्य वगळलं आणि स्वतः दहा हजारांचा एक रोखा घेतला. मे आणि नोव्हेंबरात तिच्या खात्यात ३७३ रुपये येतात. गेल्या वेळी आले तेव्हा तिने मला डेक्कनवर बोलावलं, दोघांची मिसळ आणि चहा झाला, आणि उरलेल्या सुट्या पैशांवरून २०७३ मध्ये तिचं वय काय असेल याचा हिशेब वेटरला करायला लावला.